वादळाच्या आदल्या दिवशीचं लग्न

माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर रविवार छापलेला आहे आणि लग्न झालं शनिवारी. छापणाऱ्याची चूक नव्हती. चूक म्हणायचीच तर अरबी समुद्राची, आणि थोडीशी माझ्या पप्पांची.

पप्पांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली. तिथे दाब मोजायचे गेज बनत. बॉयलरवर, कॉम्प्रेसरवर असतात तसले, गोल तबकडीचे आणि काट्याचे. ते तपासायचं काम पप्पांचं. नवा गेज खरं बोलतोय की नाही, हे एका खात्रीच्या गेजशेजारी लावून बघायचं, काटा जरा जरी खोटा पडला तरी परत पाठवायचा. हे काम त्यांना ज्यांनी शिकवलं त्यांना सगळा कारखाना उस्ताद म्हणायचा. उस्ताद कल्याणला राहायचे. पप्पा रिटायर झाले तेव्हा त्यांनी भंगारातून मिळवलेला एका जहाजावरचा जुना बॅरोमीटर दुरुस्त करून पप्पांना भेट दिला. आमच्या कळव्याच्या घरात तो फ्रिजशेजारच्या भिंतीवर लागला. दुसऱ्यांच्या घरी आल्यागेल्याला आधी पाणी देतात. आमच्याकडे पप्पा आधी हवेचा दाब सांगायचे.

वादळांचा नादही उस्तादांचाच. समुद्रात कुठे चक्रीवादळ तयार झालं की जेवणाच्या सुट्टीत हे दोघं पेपरमधल्या बातमीवरून नकाशावर टिंबं काढत बसायचे, आज इथे, उद्या तिथे. रिटायर झाल्यावर पप्पांनी माझ्या नववीच्या अॅटलासमधलं अरबी समुद्राचं पान झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून आणलं. आता हवामानाचं पत्रक मोबाईलवर येतं, दर काही तासांनी, अक्षांश-रेखांशासकट. पप्पा चष्मा चढवतात, पट्टी ठेवतात आणि पेन्सिलने टिंब काढतात.

माझं लग्न मे महिन्यात ठरलेलं. बाळकुमला, खाडीच्या बाजूला असलेल्या एका लॉनवर. मांडव, स्टेज, खुल्यावर जेवण, सगळं रविवारी दुपारी. मंगळवारी सकाळी मी मेंदीवाल्या मुलीशी फोनवर बोलत होते, तेवढ्यात पप्पा आतून म्हणाले, "लक्षद्वीपच्या जवळ कमी दाबाचं क्षेत्र झालंय."

आई म्हणाली, "लक्षद्वीपला कोणी पाहुणे नाहीत आपले."

बुधवारी दुपारपर्यंत त्या कमी दाबाला गती आणि नाव दोन्ही मिळालं. पुढे कुठे कुठे असेल याचा जो नकाशा पत्रकाबरोबर येतो, त्यात एक रेघ असते आणि तिच्याभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा एक पट्टा. रेघ किनाऱ्याला समांतर वर सरकत होती आणि रविवारच्या टिंबापाशी पट्ट्याची कड आमच्या डोक्यावरून जात होती.

गावाहून आलेला माझा मामा पप्पांच्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "भाऊजी, रेघ तर समुद्रात आहे की. आपण कुठे समुद्रात मांडव घातलाय?"

पप्पा शांतपणे म्हणाले, "रेघ म्हणजे वादळाच्या पोटाचा मधला बिंदू. वादळ रेघेएवढं नसतं. आणि हा पट्टा आहे ना, हाही वादळाचा आकार नाही. मधला बिंदू एवढ्यात कुठेही असू शकतो, असं ते सांगतायत. म्हणजे किती माहीत नाही तेही त्यांनी काढून दाखवलंय. माणसं कुठे एवढं दाखवतात?"

मग त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "मला डोंबिवलीला जाऊन यायला पाहिजे," ते म्हणाले.

डोंबिवली म्हणजे माझं होणारं सासर. लग्नाला चार दिवस राहिलेले असताना मुलीचा बाप अचानक हातात गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला तर काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं, कारण मीही बरोबर गेलेले. सासूबाईंचा चेहरा उतरला. सासऱ्यांनी आधी मला आणि मग पप्पांना आपादमस्तक न्याहाळलं. माझा होणारा नवरा आतून बनियनवरच बाहेर आला आणि मला खुणेने विचारायला लागला, काय झालं?

"काही वाईट नाही," पप्पा घाईने म्हणाले. "वादळ आहे फक्त."

सासरे शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. टीपॉयवरची पत्रिका आणि पेढ्यांचा पुडा बाजूला करून पप्पांनी नकाशा पसरला, तेव्हा त्यांनी तो शिक्षकाच्या नजरेने तपासला. मग म्हणाले, "अहो व्याही, वादळाचा अंदाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. छत्री घ्या म्हणाले की ऊन पडतं. साडेतीनशे पत्रिका वाटून झाल्यात."

"बरोबर आहे," पप्पा म्हणाले.

"मग तुम्ही नक्की सांगा. येणार की नाही?"

"नक्की सांगता येत नाही. नक्की सांगणारा खोटं बोलतो."

"हे बघा!" सासऱ्यांनी दोन्ही हात वर केले. "ज्याचं उत्तर येत नाही ते गणित घेऊन तुम्ही कळव्याहून आलात."

मला हसू आलं आणि रडूही. पप्पांची मान खाली गेलेली. तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या, पस्तीस वर्षं ड्युटी केलेल्या. त्यांनी नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला वादळाचं नका सांगू," त्या पप्पांना म्हणाल्या. "मांडवाचं सांगा. रविवारी दुपारी मांडव उडायची भीती आहे का?"

"आहे," पप्पा म्हणाले. "उडेलच असं नाही. पण भीती आहे."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी सकाळी जवळजवळ नाही. तोवर ते खाली दक्षिणेलाच असेल. हे मात्र मी बऱ्यापैकी खात्रीने सांगतो, कारण ते किती वेगाने सरकतंय ते दिसतंय."

सासूबाई सासऱ्यांकडे वळल्या. "पेशंटचा ताप किती चढेल हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. पण म्हणून त्याला गॅलरीत झोपवतो का आपण? तीनशे माणसं बांबूखाली बसवायची, त्यात लेकरं, म्हातारी. शनिवारी करू."

"पुढे ढकललं तर?" सासरे म्हणाले.

"लॉन पुढे पावसाळ्यापर्यंत मोकळं नाही," माझा नवरा म्हणाला. हे त्याचं पूर्ण चर्चेतलं एकच वाक्य, पण वेळेवर आलं.

मग पप्पा जे बोलले त्यावर सगळं मिटलं. म्हणाले, "एक बरं आहे. आपल्यात मुहूर्त नसतो. ग्रह बघायचे नाहीत, तिथी बघायची नाही. मग वारा बघून दिवस ठरवायला काय हरकत आहे?"

सासरे मोठ्याने हसले. "चला, वारा तर वारा," म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा पुन्हा टीपॉयवर आला.

गुरुवार फोनचा दिवस. आईने आमच्या घरातले सगळे मोबाईल गोळा केले आणि माणसं वाटून दिली. मामाकडे गाव, बहिणीकडे कॉलेजच्या मैत्रिणी, माझ्याकडे ऑफिस. प्रत्येकाला तेच सांगायचं, आणि प्रत्येकाची पहिली शंका तीच. "लग्न मोडलं का?" नाही हो, एक दिवस अलीकडे आलंय. "का?" वादळ आहे. "कुठे?" समुद्रात. यानंतर पलीकडे जी शांतता पसरायची तिच्यात मला ऐकू यायचं की हे लोक काहीतरी लपवतायत. माझ्या एका मैत्रिणीने तर दहा मिनिटांनी परत फोन करून हळूच विचारलं, "तू ठीक आहेस ना? खरं सांग."

फोन सुरू व्हायच्या आधी, सकाळीच, पप्पा आणि मी बाळकुमला जाऊन आलो. लॉन सांभाळणारे काका तिथलेच, जुन्या गावातले. इमारती उभ्या राहायच्या आधी त्यांच्या घरचे खाडीत मासे मारायचे. ते खुर्च्या मोजत होते. पप्पांनी सगळं सांगितलं तसं त्यांनी मान डोलावली.

"शनवारी सांजेला दुसऱ्यांची हलद हाय," ते म्हणाले. "सकालचं मोकलं हाय. दोन वाजेपावत उठाल तं घ्या."

पप्पांना राहवलं नाही. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं? येईल वादळ?"

काकांनी खाडीच्या दिशेने पाहिलं. तिकडे तिवरं होती आणि त्यांच्यावर निवांत बगळे. "आता कय बी दिसत नाय," ते म्हणाले. "पानी गप हाय. पन आमचा बा सांगायचा, येनारं वादल खारीच्या पान्याला उशिरा कलतं. तुमच्या मोबाईलला आधी कललं आसल तं आयका त्याचं."

पप्पा बाहेर पडताना इतके खूश होते की रिक्षात बसेपर्यंत दोनदा म्हणाले, "बघ, किती शास्त्रीय माणूस आहे."

जेवणवाल्याची गोष्ट वेगळीच झाली. त्याच्याकडे शनिवारी सकाळी एक मुंज होती. तो म्हणाला, "ताई, एकच करू शकतो. तिकडचंच जेवण मोठ्या प्रमाणात करतो आणि अर्धं तुमच्याकडे." आम्ही ठरवलेला पुलाव आणि गुलाबजाम गेले. मसालेभात, अळूवडी आणि मठ्ठा आला. आईने विचार केला आणि म्हणाली, "उपाशी कोणी जाणार नाही ना? मग झालं."

शुक्रवारी सकाळी पत्रक आलं आणि पप्पांचं टिंब नकाशावर भलत्याच ठिकाणी पडलं. वादळ पश्चिमेला कललं होतं. नवी रेघ किनाऱ्यापासून आणखी लांबून जात होती, आणि रविवारचा पट्टा आमच्या डोक्यावरून सरकून बराचसा समुद्रात गेला होता.

पाच मिनिटांत सासऱ्यांचा फोन आला. आता त्यांच्याही मोबाईलवर पत्रक येत होतं. "व्याही, ते तर लांब चाललंय हो!"

"हो," पप्पा म्हणाले.

"मग?"

"मग... शनिवारीच."

फोन ठेवल्यावर पप्पा जेवले नाहीत. सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात ते नकाशासमोर पाट मांडून बसले, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे. दुपारी माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत मेंदी लागली होती. मी हात हवेत धरून त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "पप्पा, मला भूक लागलीये, आणि भरवायला कोणी मोकळं नाही."

त्यांनी ताट आणलं. पोळीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात घातला. मी म्हणाले, "आता तुम्ही एक खा." एक माझा, एक त्यांचा, असं आम्ही जेवलो.

"मी तुझं लग्न हलवलं बाळा," ते म्हणाले, "आणि वादळच हललं."

"हलू दे. फक्त परत रविवारी नेऊ नका. मेंदी उद्यासाठी काढलीये."

ते हसले, पण मन कुठेतरी अडकलेलं होतं. "दोन गोष्टी असतात," ते म्हणाले. "एक वाट, एक जोर. वाट सांगणं आता लोकांना पुष्कळ जमतं. दोन-तीन दिवस आधी बऱ्यापैकी जवळ जातात. जोर सांगणं फार अवघड. खालचं पाणी किती गरम आहे, उंचावर आडवा वारा त्याचं डोकं उडवतोय का, कोरडी हवा आत शिरतेय का, यातलं एक बदललं की सगळं बदलतं. आईला विचार. दूध तापलंय, वर येणार, हे तिला कळतं. नेमकं कोणत्या क्षणी, ते तिलाही नाही कळत. आज सकाळपासून ते लांब गेलंय हे खरं. पण ते फुगलंय. कालपेक्षा पुष्कळ मोठं झालंय. लांबून जाणारं मोठं आणि जवळून जाणारं लहान, यात जास्त धक्का कोणाचा, ते मला ठरवता येत नाहीये."

घड्याळात चार वाजले. पप्पा उठून बॅरोमीटरपाशी गेले. तेवढ्यात आई आली, काट्याकडे बघून घाबरली. "अहो, सकाळपेक्षा उतरलाय!"

"रोजच उतरतो," पप्पा म्हणाले. "दुपारी चारला दाब कमी होतो, सकाळी दहाला चढतो. वादळ असो नसो. सकाळशी नाही, काल चारला किती होता त्याच्याशी बघायचं." मग त्यांनी खिशातून वही काढली, पान उलटलं आणि थांबले. "कालच्यापेक्षा दोनने कमी आहे. हे वादळाचंच," म्हणाले. काट्याने त्यांना आधार दिल्यासारखे त्यांचे खांदे सैल झाले. मला वाटतं, त्या दुपारी मी पहिल्यांदा पाहिलं की हा माणूस वादळ यावं म्हणून नाही, तर आपण उगाच तीनशे माणसांना हलवलं नाही ना, या काळजीने नकाशा बघतोय.

शनिवार उजाडला तो लख्ख. आभाळात ढग नाही, झाडाचं पान हलत नाही. खाडीवरून यायची तेवढी झुळूकसुद्धा कोणीतरी बंद केलेली. मांडवात पंखे फिरत होते आणि गरम हवा एका माणसाकडून दुसऱ्याकडे पोचवत होते. माझ्या पांढऱ्या साडीचा पदर पाठीला चिकटलेला. नवऱ्याच्या कपाळावरचा घाम करवली रुमालाने टिपत होती, तो रुमाल फोटोंमध्ये सगळीकडे आहे.

दारात उभ्या असलेल्या पप्पांना येणारा प्रत्येक जण तेच विचारत होता. "किती वाजता येणार हो वादळ? जेवणाआधी की नंतर?" "काका, एसीचं वादळ पाठवा ना थोडं." पप्पा सगळ्यांना हात जोडत होते. "उद्या, उद्या," म्हणत होते. आमच्या शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "लग्न उद्याच ठेवलं असतं तरी चाललं असतं, निदान वारा तरी लागला असता."

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं. तीनशे माणसांचा आवाज एकदम उठला तेव्हा मला पंख्यांचा आवाज ऐकू यायचा बंद झाला. हार घातले. फुलं उधळली गेली. वारा अजिबात नसल्यामुळे ती सरळ आमच्या डोक्यावरच पडली. शेवटी चार शब्द सांगताना बौद्धाचार्य म्हणाले, "संसारात पुढचं कोणाला दिसत नाही. पण मुलीच्या वडिलांकडे नकाशा आहे, त्यामुळे या जोडप्याने काळजी करू नये." मांडव हसला. मी पप्पांकडे बघितलं तर तेही हसत होते, अगदी मनापासून, आणि डोळे पुसत होते.

जेवणाची पंगत बघून सासरकडचा एक म्हातारा म्हणाला, "लग्न आपलं आणि अळूवडी मुंजीची, असं पहिल्यांदाच." पण त्याने तीनदा घेतली. दोनच्या आत आम्ही लॉन मोकळं केलं. काकांची माणसं लगेच दुसऱ्यांच्या हळदीची पिवळी झालर लावायला लागलेली.

रविवारी सकाळी मी डोंबिवलीत नव्या घरात जागी झाले तेव्हा खिडकीचं दार वाजत होतं. आभाळ राखाडी, खाली वाळत घातलेले कपडे सगळे एका दिशेला आडवे. आठच्या सुमारास पाऊस आला, पण खाली पडणारा नाही, बाजूने येणारा. समोरच्या इमारतीवरचा एक पत्रा सुटून थडाथडा आपटत होता. दहाला वीज गेली. सासूबाईंनी शांतपणे गॅसवर चहा ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना फोन लाव. यांना चैन नाही."

सासरे खरंच अस्वस्थ होते. त्यांनी उरलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर किनारा काढलेला, मुंबई, ठाणे, डोंबिवली अशी टिंबं मांडलेली. फोन लागताच त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. "व्याही, दाब किती? ... नऊशे अठ्ठ्याण्णव? थांबा, लिहून घेतो."

पण पप्पा घाईत होते. ते बाहेर निघालेले, छत्रीसकट. का, ते मला आईने सांगितलं.

झालं होतं असं. आईने फोन करायची यादी मोबाईलमधल्या नंबरांवरून केलेली. उस्तादांचा नंबर कोणाच्याच मोबाईलमध्ये नव्हता, कारण उस्तादांना ऐकू कमी यायचं आणि फोनचा त्यांना कंटाळा. पप्पा त्यांना पत्रिका द्यायला स्वतः कल्याणला गेलेले. आणि गुरुवारच्या गडबडीत पप्पांना वाटलं मामाने निरोप दिला, मामाला वाटलं पप्पांनी. शनिवारी ते आले नाहीत तेव्हा उन्हामुळे टाळलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. त्यामुळे रविवारी सकाळी दहा वाजता उस्ताद आणि त्यांच्या बायको, आमच्या काकू, नवे कपडे घालून, हातात गिफ्टचा डबा घेऊन, बाळकुमच्या बंद लॉनसमोर रिक्षातून उतरले. समोर मांडवाचे नुसते बांबू. कापड नाही, माणूस नाही, आणि वारा असा की काकूंनी खांबाला धरलं.

लॉनच्या काकांनी त्यांना पाहिलं. धावत जाऊन आपल्या घरी नेलं, टॉवेल दिला, चहा दिला, आणि पप्पांना फोन केला. "तुमचं दोन पावनं एक दिस उशिरा आयलंन," म्हणाले.

पप्पा वाऱ्याचा जोर वाढायच्या आत त्यांना कळव्याला घेऊन आले. घरात शिरल्याशिरल्या त्यांनी उस्तादांचे पाय धरले. आई सांगते, पप्पा रडवेले झालेले. "उस्ताद, मी सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाच विसरलो. आणि तुम्ही या हवेत निघालात कसे?"

उस्ताद आधी बॅरोमीटरपाशी गेले. काटा बघितला. मग म्हणाले, "निघणार नाही तर काय? मी पण टिंबं काढतो. शुक्रवारी ते लांब गेलं. म्हटलं, जायला हरकत नाही. लग्न होणार."

"मला वाटलं, मांडव उडेल," पप्पा म्हणाले.

"काय?"

पप्पांनी मोठ्याने सांगितलं, "मांडव उडेल!"

"नसता उडाला," उस्ताद ठामपणे म्हणाले. "एवढ्या वाऱ्यात टिकतो. नीट बांधला असला की टिकतो."

त्यांच्या बायको केस पुसता पुसता म्हणाल्या, "तुमची टोपी टिकली नाही. खाडीत गेली."

यावर आई एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. दोघं म्हातारे मात्र हसले नाहीत. ते नकाशा घेऊन बसले आणि दुपारभर, बाहेर झाडाच्या फांद्या मोडत असताना, मांडव टिकला असता की नसता यावर वाद घालत राहिले. त्याचं उत्तर आजतागायत मिळालेलं नाही. रविवारी बांबूंवर कापडच नव्हतं, मग कळणार कसं? मला पूर्वी वाटायचं की अंदाज एकतर बरोबर येतो नाहीतर चुकतो. त्या दिवशी कळलं की कधी कधी माणूस अंदाज ऐकून बाजूला होतो आणि मग उत्तराची जागा रिकामीच राहते. पप्पांना हे पटायला वेळ लागला. ते अजूनही मधेच म्हणतात, "कोपऱ्यातली बाजू नक्की गेली असती."

संध्याकाळपर्यंत जोर ओसरला. वादळ वर गुजरातच्या दिशेने निघून गेलं. आमच्याकडे झाडं पडली, वीज उशिरा आली, माणसं सुखरूप राहिली. ज्यांनी आदल्या दिवशी पप्पांची चेष्टा केलेली त्यांचे फोन सुरू झाले. शेजारच्या काकूंनी तर आईला सांगितलं, "माझ्या भाचीचं लग्न डिसेंबरात आहे, जरा बघायला सांगा." डिसेंबरचं आत्ता दिसत नाही, हे त्यांना समजावताना पप्पांची दमछाक झाली.

उस्ताद आणि काकू रात्री कळव्यालाच राहिले. सोमवारी सकाळी स्वच्छ ऊन पडलेलं. पप्पा, आई, मामा, उस्ताद, काकू, सगळे डोंबिवलीला आले. सासरे दारातच उभे होते, हातात ती पत्रिका. त्यांनी उस्तादांचा हात धरला, त्यांना सोफ्यावर बसवलं आणि आपली टिंबं तपासायला दिली. उस्तादांनी खिशातून पेन काढून एक टिंब थोडं डावीकडे सरकवलं. गणिताच्या सरांनी जुनं टिंब स्वतः खोडलं.

चहा झाला. तेव्हा काकूंनी मला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, सगळं झालं, पण लग्न काय बघायला मिळालं नाही आम्हाला."

सासूबाई उठल्या. "त्यात काय," म्हणाल्या. "ए, दोघं उभे राहा."

नवरा टी-शर्टात होता, मी साध्या ड्रेसमध्ये. शनिवारचे हार सुकून गेले होते. माझी नणंद खाली पळत गेली. वादळामुळे फुलवाल्याकडे काहीच नव्हतं, मोगऱ्याचे दोन गजरे तेवढे मिळाले. ते हार म्हणून गळ्यात जाईनात, म्हणून आम्ही एकमेकांच्या मनगटाला बांधले. सासऱ्यांनी हात जोडून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली आणि सगळ्यांनी सूर धरला, उस्ताद अर्धी ओळ मागे. काकूंनी कुंडीतल्या सदाफुलीची फुलं तोडून आणलेली, ती आमच्यावर टाकली.

झाल्यावर उस्तादांनी विचारलं, "झालं?"

"झालं," पप्पा त्यांच्या कानाशी ओरडले.

"छान झालं," उस्ताद म्हणाले. "पंखा लावा आता. घामाघूम झालीत पोरं."